ल्यूबेकचे गेलेले राज्य

जर्मन संघराज्याच्या सोळा घटकराज्यांत बर्लिन, हाम्बुर्ग आणि ब्रेमेन ही तीन राज्ये म्हणजे वस्तुतः शहरेच होत. बर्लिन व हाम्बुर्ग येथे महापौर हाच मुख्यमंत्री असतो. ब्रेमेनच्या राज्यात ब्रेमरहाफेन हे बंदरही येते, आणि या दोहोंच्या मध्ये परका मुलूख पसरलेला आहे. या पंक्तीत चौथे शहर शोभले असते ते ल्यूबेक. तेथील तीन कॅथलिक धर्मगुरू व एक लुथरन पाळक यांचा १९४३ साली नाझींनी शिरच्छेद केला, म्हणून आपल्या काही वाचकांना हे नाव परिचित असेल.

१२२६ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ल्यूबेकला सनद दिली. शहर थेट सम्राटाच्या अधीन राहील, मध्ये कोणी ड्यूक वा सरदार नसेल, असा तिचा अर्थ. खुद्द बिशपांचेही नागरिकांशी पटेना, आणि पुढे त्यांनी आपले निवासस्थान ऑयटिन येथे नेले. ल्यूबेकचे वैभव मिठावर उभे होते. ल्यूनेबुर्गचे मीठ येथून बाल्टिक समुद्राकडे जाई व त्यात मुरवलेली हेरिंग मासळी परत येई. उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने युरोपभर तिला मोठी मागणी होती. मीठ नि मासळी यांचे नाते किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना निराळे सांगायला नकोच! या व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाचे अग्रणीपद ल्यूबेककडे होते.

साम्राज्याच्या पन्नासएक मुक्त नगरांपैकी १८०३ नंतर सहाच उरली, १८१५ मध्ये चार. १८६६ साली प्रशियाने फ्रँकफुर्ट गिळले. ल्यूबेक मात्र तगले.

१ एप्रिल १९३७ रोजी तेही संपले. १९३२ साली शहराने हिटलरला सभा घेऊ दिली नाही, त्याचा हा सूड, अशी आख्यायिका आहे. मला दुसरे कारण अधिक पटते. हाम्बुर्गच्या वाढत्या बंदराला प्रशियाची आल्टोना, वान्ड्सबेक ही शेजारची शहरे हवी होती. त्यांच्या मोबदल्यात प्रशियाला जो प्रदेश मिळाला, त्यात ल्यूबेक होते. लोकांना कोणी विचारले नाही.

युद्धानंतर ब्रेमेनचे राज्य पुन्हा उभे राहिले, कारण अमेरिकन सैन्याला बंदर हवे होते. ल्यूबेकच्या वाट्याला असे कोणी आले नाही. नागरिकांनी सार्वमत मागितले. ८ मे १९४५ नंतर लोकमत न घेता दुसऱ्या राज्यात गेलेल्या प्रदेशांनाच नव्या राज्यघटनेने तो हक्क दिला होता, आणि ल्यूबेक तर १९३७ सालीच गेलेले. ५ डिसेंबर १९५६ रोजी घटना न्यायालयाने मागणी फेटाळली. अन्याय आठ वर्षे आधी झाला, एवढ्यावरून तो दादीबाहेर ठरावा, हे कायद्याला धरून असेल. मनाला मात्र पटत नाही.

शहराचे अधिकृत नाव आजही ‘हान्सानगर ल्यूबेक’ असेच आहे. तेथील शाळांचे कायदे मात्र कीलच्या विधानसभेत होतात.