माजघरापर्यंतचा पाहुणा

पंढरपूरला आलेली माणसं गोपाळपूरला जातात. तिथल्या गोपाळकृष्णाच्या देवळात ‘जनाबाईचा संसार’ दाखवतात आणि त्यात एक जातं आहे. बाई काखेतली पिशवी बाजूला ठेवते, खाली बसते, खुंटा धरून दोन फेरे देते. पीठ काही पडत नाही. तरी उठताना तिचा हात कपाळाला लागतो.

जिचं हे जातं, ती जनाबाई गंगाखेडची. गोदाकाठच्या या गावातून पोरवयात ती पंढरपुरी नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि जन्मभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. जात्याचा दगड नेमका किती जुना, हे तिथे कुणी विचारत नाही. मलाही त्या दोन फेऱ्यांचंच कुतूहल जास्त. पाहायला आलेल्या माणसाला कामाला लावायचं, ही युक्ती आली कुठून?

आपल्या जुन्या घरात पाहुण्यानं कुठवर यायचं हे घरच सांगत असे. परका ओसरीवर, सोयरा बैठकीत. माजघरात यायचं तर नातं हवं, आणि जातं असायचं आतच कुठेतरी. घर दाखवण्याच्या कलेची सगळी कुळकथा म्हणजे पाहुणा ओसरीवरून आत कसा सरकत गेला याची गोष्ट.

स्वीडनच्या आर्तुर हाजेलियसनं आधी संग्रहालयात शेतकऱ्यांच्या खोल्या मांडल्या. तीन भिंती, आत कपडे घातलेले पुतळे, चौथ्या बाजूला प्रेक्षक. 1878 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही त्यानं तसेच देखावे नेले. लोकांना ते आवडले, पण हे ओसरीवरून डोकावणंच झालं. मग त्यानं घरंच उचलायला घेतली. ओंडक्यांचं घर खुणा करून सोडवायचं आणि दुसरीकडे पुन्हा जसंच्या तसं रचायचं. 1891 मध्ये स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ उघडलं. या नावाचा अर्थ छोटा तटबंद कोट. आपण गढी म्हणू. आत चुलीला जाळ होता, जुन्या वेशातली माणसं कामं करत होती, आणि पाहुणा उंबरा ओलांडू शकत होता. पोलंड-हंगेरीकडे आज अशा कुठल्याही संग्रहालयाला स्कान्सेनच म्हणतात.

पुढचं पाऊल हवाई बेटांवरचं. लाइए गावातलं प्रार्थनाघर 1940 मध्ये जळालं. नवं बांधायच्या पैशासाठी गावानं पुढे ‘हुकिलाउ’ भरवायला सुरुवात केली: जाळं ओढायचं, जेवायचं, नाचायचं, आणि पाहुण्यानंही जाळ्याला हात लावायचा. त्याच गावात 1963 मध्ये पॉलिनेशियन कल्चरल सेंटर उघडलं. सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती अशा बेटांची गावं तिथे शेजारीशेजारी आहेत. सामोआच्या घराला भिंतीच नसतात; खांब, वर छप्पर, आणि कुणी कुठल्या खांबाशी बसायचं याचा मान ठरलेला. असं घर पाहुण्यांसाठी नव्यानं बांधताना दिवे आणि ध्वनिक्षेपक कुठे लपवायचे हा सोपा भाग. पाहुण्याला कोणत्या खांबाशी बसवायचं, हा अवघड.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडचा मस्तानी महाल आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला, म्हणजे खुणा करून सोडवायची रीत इथेही पोचली. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बलुतेदारांचं आख्खं गाव सिमेंटमध्ये घडवलं आहे. कारागिरी अव्वल. पोरं कुंभाराकडे, सुताराकडे टक लावून बघतात. पण सिमेंटचा बैल वैरण मागत नाही, आणि तिथल्या जात्यावरच्या बाईला तुम्ही ‘सरक’ म्हणू शकत नाही. प्रदर्शनाच्या वंशावळीत हे पुतळे 1878 च्या पॅरिसचे नातलग.

गोपाळपूरचं जातं या रांगेत कुठेच बसत नाही. तिथे पाहुणा ओसरी-बैठक टाळून थेट माजघरात येतो, तेही नातं सांगत. ‘जनी आमची’ म्हणायचं आणि खुंटा धरायचा. खुंटा फिरला की ओवीही येते, कारण ती त्या फेऱ्यावरच बेतलेली. अभ्यासक गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

मग जनाबाईच्या गंगाखेडात असं एखादं घर पाहुण्यांसाठी उभारायचं झालं, तर काय दाखवावं? माझं मत, माळवदाचं घर. लाकडी खांब, तुळया, त्यावर किलचण, वर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला आणि धुराला सवणं. उन्हाळ्यात आत गारवा. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि वरची जड माती हजारोंच्या अंगावर आली, आणि मराठवाड्याचा माळवदावरचा विश्वास उडाला. बांधायचं तर मातीचा थर पातळ हवा, खांब-तुळयांना तिरकस आधार हवेत, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत. डोळ्याला हे काही दिसणार नाही. दिसावं ते जातं, टाकी लावलेलं, ज्वारीचं खरं पीठ पडणारं. ‘हात लावू नये’ ही पाटी मात्र नको.

तोवर एक विनंती. जुनं माळवद उतरवून स्लॅब टाकणार असाल तर जरूर टाका. फक्त लाकूड वखारीत धाडण्याआधी प्रत्येक खांबावर, तुळईवर खडूनं आकडा घाला आणि एक फोटो काढून ठेवा.