पहिली खेप

मासा आणि मी, आमचा संबंध आजवर ताटापुरताच. तरी यंदा वसंतात काश्मीरला जाऊन लिद्दर नदीत गळ टाकायचाच, असं मी घरात जाहीर केलं. नकाशा पसरला, टिपणं सुरू झाली.

"हंगाम एप्रिलपासून," मी वाचून दाखवलं. "मत्स्यखात्याचा परवाना हवा, तोही नदीच्या ठरावीक पट्ट्यापुरता. उशीर केला तर बर्फ वितळून पाणी गढूळ. तेव्हा एप्रिलच गाठायचा."

"ट्राउट तिथलाच ना?" हिनं विचारलं.

इथंच तर गंमत आहे. ट्राउट काश्मीरचा नव्हेच! साहेबाला गळ टाकायला घरचा मासा हवा होता. 1899 साली विलायतेहून अंडी निघाली, ती वाटेतच मेली. 1900 साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती मात्र जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेलनं तिची जावयासारखी बडदास्त ठेवली. पुढं हारवानला पैदास झाली नि मासा नद्यानाल्यांत पोचला. (गालिचेवाल्याला जमलं, मग कारकुनाला का जमू नये?)

"म्हणजे परक्या मुलखात पहिल्या खेपेला माशालाही जमलं नाही," ही म्हणाली, आणि सामानाच्या यादीत निमूटपणे मेतकूट लिहिलं.