दिमोनाचे माग आणि मालाची किंमत

कारखान्यांतून वर्षभरात किती किमतीचा माल बाहेर पडला, याचे आकडे सरकार जाहीर करते. आकडा वाढला की देशाची भरभराट झाली, असे आपण सर्वजण धरून चालतो. परंतु आपल्या इस्रायलचा इतिहास पाहता हा आकडा जपून वाचावा, असे आम्हांस वाटते.

१९५५ साली नेगेवच्या वाळवंटात दिमोना वसले. त्याच वर्षी पिन्हास सपीर व्यापार व उद्योगमंत्री झाले. नवीन गावांत येणाऱ्या लोकांच्या हातांना काम हवे होते आणि कापडधंदा पुष्कळ माणसांना काम देतो. म्हणून त्यांनी अशा गावांत कारखाने काढणाऱ्यांना सरकारी मदत दिली. दिमोनात ‘कितान’ची गिरणी उभी राहिली, किर्यात गातला लोकरी कापडाची ‘पोलगत’. आम्ही मुंबईस गिरणीचा भोंगा ऐकत वाढलो. पण आपल्यातले कित्येक बांधव मागापुढे प्रथम उभे राहिले ते दिमोनात.

पुढे आकडे फुगले. १९८४ साली भाव सुमारे ४४५ टक्क्यांनी चढले. म्हणजे वर्षारंभी १०० शेकेलला विकला जाणारा माल वर्षअखेरीस सुमारे ५४५ शेकेलला जाणार. माग तेवढेच, माणसे तेवढीच, कापड एक मीटरही जास्त नाही. तरी कागदावर विक्री जवळजवळ साडेपाचपट! शिवाय १९८० साली १० लिरांचा एक शेकेल झाला व १९८५ साली १,००० जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल. लिरांतला जुना आकडा आजच्या चलनात आणायचा, तर १०,००० ने भागावा लागतो.

इस्पितळात नुसता ताप पाहून आम्ही रोग्याची स्थिती ठरवत नसू; नाडी आणि श्वासही मोजत असू. तसेच किमतीच्या शेजारी मालाचे माप आणि कामगारांची संख्या मांडली पाहिजे.

जुलै १९८५ च्या योजनेनंतर महागाई आटोक्यात आली. १९८६ साली ती सुमारे २० टक्के राहिली. पण १९९१ पासून आयातीवरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले. आशियातले स्वस्त कापड आले, शिवणकाम जॉर्डन व इजिप्तकडे गेले आणि अखेर दिमोनाचे माग थांबले. उलट किर्यात गातला १९९९ साली ‘इंटेल’चा चिपांचा कारखाना सुरू झाला. नखाएवढ्या चिपेला कापडाच्या ताग्याइतके मोल येऊ लागले. या वेळची वाढ महागाईची नव्हती, खरी होती. मात्र पन्नाशी गाठलेल्या विणकराला त्या कारखान्यात जागा कोठली?

देश पुढे गेला, याचा आम्हांस अभिमानच आहे. पण त्या मागांवर आपल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. ज्यांनी तेथे पाळ्या केल्या, त्यांतले जे आज हयात आहेत, त्यांच्या तोंडून ती हकीकत तरुणांनी लिहून घ्यावी. मालाच्या किमतीचा हिशेब सरकारने ठेवला. कष्टांचा हिशेब आपण ठेवायचा आहे.