जुन्या छायाचित्रांतील पोशाख

आमच्या निलंग्याच्या बाजूस जुन्या छायाचित्रांवर नांव किंवा तारीख क्वचितच लिहिलेली आढळते. काढतांना सारीं माणसें घरचींच. लिहावयाचें तें कशाला? पुढें जाणतीं माणसें जातात आणि चौकटींतले आजोबा कोणाचे, असा वाद होऊन बसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत ज्यांचीं घरें गेलीं, त्यांतल्या कित्येकांजवळ दगडमातींतून निघालेला एखादाच फोटो उरला, आणि सांगणारें माणूस उरलें नाहीं. अशा वेळीं अंगावरचे कपडे तेवढे साक्ष देतात.

ही साक्ष कशी घ्यावी तें एका चित्रावरून सांगतों. तें एका परिचित घराण्यांतलें आहे. खुर्चीवर पन्नाशीचे गृहस्थ. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी, डोक्यावर गोंड्याची रूमी टोपी. पणतवंडांनीं निकाल दिला, ‘हे आमचे नव्हेत, कोणी मुसलमान अंमलदार असावेत,’ आणि चित्र माळ्यावर गेलें. निकाल चुकीचा होता. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यांत होतें. त्या राज्यांत शेरवानी व रूमी टोपी हा दरबारचा आणि कचेरीचा पोशाख. हिंदु नोकरदारही तो घालीत. त्यावरून माणसाची नोकरी ओळखावी, धर्म नव्हे. तुर्कस्तानांत ही टोपी १९२५ मध्यें कायद्यानें बंद झाली. पण तेवढ्यावरून आमच्याकडचें चित्र त्यापूर्वींचें ठरवूं नये. येथें तिचा मान सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली तेव्हां गेला.

आतां खुर्चीमागें उभा असलेला विशीचा मुलगा पाहा. त्याच्या डोक्यावर पांढरी गांधी टोपी आहे. ती १९२० च्या असहकाराच्या सुमारास प्रचारांत आली. म्हणजे बापाची टोपी चित्राला १९४८ च्या अलीकडे येऊं देत नाहीं, आणि मुलाची १९२० च्या पलीकडे जाऊं देत नाहीं. त्या अवधींत पन्नाशीचा बाप व विशीचा मुलगा अशी एकच जोडी त्या घराच्या वंशावळींत बसते. पणजोबा माळ्यावरून खालीं आले. निजामाच्या नोकरानें अशा टोपीच्या मुलास पाठीशीं उभें करून चित्र काढविलें, हें मला त्या सनांहून मोलाचें वाटतें.

स्त्रियांच्या बाबतींत वयस्क बाईच्या लुगड्यावर विसंबूं नये. जी नऊवारी नेसून बोहल्यावर चढली, ती सत्तरींतही बहुधा नऊवारीच नेसते. सर्वांत धाकटी सून पाहावी. समोर गांठ मारलेली चोळी आहे कीं गुंड्यांचें पोलकें, लुगडें कासोट्याचें कीं गोल पांचवारी, हें तिच्यावरून कळतें. शहरांतल्या शिकलेल्या मुलींनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच पांचवारी धरली होती. तालुक्याच्या गांवीं ती मागाहून पोहोंचली, तेव्हां चार वर्षें सैल धरावींत. मुलांच्या कपड्यांचा तर भरवसाच नको. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर असावयाचाच. फोटोवाल्यांकडेही गिऱ्हाइकांसाठीं एखादा कोट टांगलेला असे. बाह्या बोटांवर लोंबत असल्या कीं कोट उसना समजावा.

कोणी पुठ्ठ्यावर छापलेल्या नांवाचा आधार घेतात. सिकंदराबादचे राजा दीनदयाळ १९०५ मध्यें वारले, परंतु त्यांची पेढी त्यानंतरही चालली. म्हणून पुठ्ठा उलटण्याआधीं धाकट्या सुनेच्या पदराकडे पाहावें.