घरांतील बोलपट आणि भोंवतालचा ध्वनि



पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, हिंजवडीला लागून मारुंजी हें गांव आहे. हिंजवडीस संगणक-उद्योगांची वसाहत उभी राहिल्यापासून येथील शेतांच्या जागीं उंच इमारती उठल्या, आणि त्यांतील दिवाणखान्यांतून मोठे टीव्ही व त्यांच्या सोबतीला पांच-सहा स्पीकरांचे संच आले. 'होम थिएटर' हें त्याचें रूढ नांव. चित्रपटगृह घरीं आलें खरें. परंतु पुष्कळ ठिकाणीं असा अनुभव येतो कीं, मोटारींचा धडाका कानठळ्या बसवितो आणि नटाचें बोलणें मात्र नीट ऐकूं येत नाहीं. घरांतील वडील मंडळी आवाज वाढवा म्हणतात. वाढविला कीं शेजारी भिंतीवर थाप मारतात. संच महाग असूनहि असें कां व्हावें? याचें उत्तर इतिहासांत लवकर सांपडतें; कारण त्या संचांतील प्रत्येक स्पीकर एकेका काळीं जाणवलेल्या उणिवेची भरपाई म्हणून आलेला आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला, तेव्हां पडदा मुका होता. १४ मार्च १९३१ रोजीं मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' बोलूं लागला, आणि पुढच्याच वर्षीं 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्याचें ध्वनिलेखन विष्णुपंत दामले यांनीं केलें. पार्श्वगायनाची प्रथा अजून पडावयाची होती. म्हणून गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांना चित्रण चालूं असतांनाच गावें लागे. १९३३ सालीं 'प्रभात' कोल्हापुराहून पुण्यास आली. ज्या जागेंत तिनें आपलें चित्रनगर उभारलें, तेथेंच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. याच जागीं दामले व फत्तेलाल यांनीं १९३६ सालीं 'संत तुकाराम' घडविला, आणि दुसऱ्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

या बोलपटांचा ध्वनि फिल्मच्या कडेला एकाच पट्टींत उमटविलेला असे. विष्णुपंत पागनीसांचा अभंगहि तेथूनच यावयाचा आणि टाळमृदंगहि तेथूनच. जवळचें व दूरचें, मुख्य व गौण, हा सारा विवेक ध्वनिलेखकाला मायक्रोफोनच्या जागेवरून व आवाजाच्या चढउतारावरून साधावा लागे. तरीहि प्रत्येक शब्द प्रेक्षकापर्यंत पोंचे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे वळावयाचें आहे.

एका आवाजाची उणीव त्याच काळांत जाणवूं लागली होती. ॲलन ब्लमलाइन हा इंग्रज इंजिनिअर चित्रपट पाहावयास गेला असतां नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडे, हें त्याला खटकलें, अशी हकीकत सांगतात. १९३१ च्या डिसेंबरांत त्यानें दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९४० सालीं वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया'नें पडद्यामागें तीन वाहिन्या ठेवून प्रेक्षागृहांतहि स्पीकर बसविले. पण तो खर्च थोड्याच चित्रपटगृहांना झेपला. १९५३ सालच्या 'द रोब'मध्यें चार वाहिन्या होत्या: तीन पडद्यामागें आणि एक प्रेक्षकांच्या भोंवतीं. आपल्याकडे १९७५ सालच्या 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतींनीं असा विस्तृत ध्वनि घरोघरच्या बोलण्याचा विषय करून सोडला. १९९२ सालीं डॉल्बी डिजिटल निघालें आणि ज्याला 'पांच पॉइंट एक' म्हणतात ती मांडणी रूढ झाली. पुढें तीच डीव्हीडीबरोबर दिवाणखान्यांत शिरली.

या मांडणीचें मर्म वारकरी कीर्तनाइतकें दुसऱ्या कशांत क्वचितच स्पष्ट दिसेल. कीर्तनकाराचें निरूपण समोरून येतें. टाळकरी त्याच्यामागें दोहों बाजूंस उभे असतात, म्हणून टाळांचा नाद डावी-उजवीकडे पसरतो. मृदंगाची धुमाळी छातीवर जाणवते. आणि 'विठ्ठल विठ्ठल' असा गजर उठला कीं तो आपल्या पाठीमागील श्रोत्यांतूनहि येतो. मधला स्पीकर हा कीर्तनकार समजावा, पुढचे दोन टाळकरी, मोठी पेटी म्हणजे सबवूफर हा मृदंग, आणि मागचे दोन म्हणजे गजर करणारा समाज. गजर करणारेच निरूपणावर ओरडूं लागले तर कीर्तन कसें चालावें? मारुंजीच्या दिवाणखान्यांत बिघडतें तें येथेंच.

म्हणून जोडणी करतांना प्रथम मधला स्पीकर पाहावा. संवादाचा बहुतेक भाग त्याच्याकडे असतो. तो टीव्हीच्या लगत, तोंड श्रोत्याच्या कानाकडे करून ठेवावा. कपाटाच्या खणांत आंत ढकलूं नये. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणें पुढचे दोन स्पीकर श्रोत्याच्या समोरील मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें असावेत. कोच भिंतीला टेकलेला असला तर ते थेट बाजूंनाच ठेवावेत. प्रत्येक तारेचें लाल टोंक लाल खुंटीला व काळें काळीला जोडावें. एकाच स्पीकरची तार उलट जोडली गेली तर दोन पडदे एकमेकांविरुद्ध हालतात. खर्ज नाहींसा होतो आणि आवाज कोठून येतो तें कळेनासें होतें.

यानंतर अंतराचा हिशेब. ध्वनीला एक मीटर जावयास सुमारें ३ मिलिसेकंद लागतात. पुढचा स्पीकर ३ मीटरवर आणि बाजूचा १ मीटरवर असेल तर बाजूचा आवाज सुमारें ६ मिलिसेकंद आधीं पोंचतो. हेल्मूट हास या जर्मन शास्त्रज्ञानें १९४९ सालीं दाखविलें कीं, तोच आवाज दोन ठिकाणांहून आला असतां जो आधीं पोंचतो त्याचीच दिशा कान खरी मानतो, मागाहून आलेला थोडा मोठा असला तरीसुद्धां. म्हणून टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचें अंतर मोजावें व रिसीव्हरमध्यें भरावें. जवळच्या स्पीकरला तो तेवढें थांबवून धरतो.

शेवटची तपासणी टीव्हीची. टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज बहुधा एकाच एचडीएमआय तारेनें परत जातो. टीव्ही केवळ दोन वाहिन्या पाठवीत असेल तर मागच्या स्पीकरांना स्वतःचें असें कांहींच मिळत नाहीं. ते एक तर मुके राहतात, नाहीं तर रिसीव्हर अंदाजानें त्यांच्यासाठीं कांहीं तरी रचतो. तेव्हां टीव्हीच्या ध्वनीच्या मांडणींत मूळ प्रवाह जसाच्या तसा पाठविण्याचा पर्याय निवडावा.

आणि आतां 'संत तुकाराम'. सहा स्पीकरांच्या संचावर हा बोलपट लावला कीं सहाहि वाजावेत असा मोह होतो, आणि रिसीव्हरवर 'हॉल', 'स्टेडियम' अशा नांवांचीं बटणें तयारच असतात. तीं दाबलीं कीं दामल्यांनीं एका पट्टींत जपून बसविलेला शब्द कृत्रिम घुमाऱ्यांत विरघळतो, आणि नव्वद वर्षांमागें देहूचा जो वाणी थिएटरांतील शेवटच्या रांगेलाहि स्पष्ट ऐकूं येत होता, तो आपल्याच घरांत अस्पष्ट होतो. अशा बोलपटाला मधला एक स्पीकर पुरे. किंवा पुढचे दोन सारख्या आवाजांत चालवून आपण बरोबर मध्यें बसावें. बाकीचे गप्प राहिले म्हणून पैसे वायां गेले असें समजूं नये. निरूपण सुरू झालें कीं टाळकरीहि टाळ हातांत धरून स्वस्थ उभे राहतात. गजराची वेळ त्यांना ठाऊक असते.