चामखिळीवरील लेपचिकित्सा: प्रस्तावना

चामखिळीवर लावायचे नेहमीचे औषध विषाणूला मारत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने एवढे एक वाक्य आधी पक्के धरावे. पुढचे पुष्कळसे त्यातूनच उलगडत जाते.

चामखीळ विषाणूमुळे होते, हे इटलीतील ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ साली दाखवून दिले. चामखिळीचा अर्क गाळून, त्यातल्या पेशी काढून टाकून टोचला तरी चामखीळ उगवते, हा त्यांचा पुरावा. आज या विषाणूला आपण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतो. हातापायांवरच्या साध्या चामखिळी प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारे १६ आणि १८ हे प्रकार निराळे. मुलाला घेऊन आलेल्या आईवडिलांना हे आवर्जून सांगावे. नुसत्या नावानेच त्यांचा जीव धास्तावतो.

या विषाणूची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. बारीकशा खरचटीतून तो बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. पेशी वर सरकत जातात तसा त्यांच्याबरोबर वाढत वर येतो आणि शेवटी मृत खपल्यांतून बाहेर पडतो. दाह जवळजवळ नसतोच, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा महिनोन्महिने लागत नाही. सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले नेहमीचे औषध, चामखिळीचा राठ थर सैल करून हळूहळू उतरवते. त्यातून होणाऱ्या सौम्य दाहामुळे प्रतिकारशक्ती जागी होत असावी, असे मानले जाते.

म्हणूनच चिकाटी हा या उपचाराचा गाभा आहे. कोमट पाण्यात भाग पाच-दहा मिनिटे भिजवायचा, वज्रीने हलकेच घासायचा (ती वज्री घरात दुसऱ्या कोणी वापरायची नाही), भोवतीच्या निरोगी कातडीला व्हॅसलीन लावायचे आणि मग औषधाचा थेंब नेमका चामखिळीवर सोडायचा. असे रोज, साधारण बारा आठवडे. ही माहिती चिठ्ठीवर दोन शब्दांत उरकणे मला पटत नाही. रुग्णाला समोर बसवून एकदा करून दाखवावे.

यशाचे आकडे माफक आहेत आणि ते लपवू नयेत. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या तुलनात्मक अभ्यासात साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत बऱ्या होण्याचे प्रमाण द्रव नायट्रोजनने गोठवून ४९ टक्के, सॅलिसिलिक आम्लाने १५ टक्के आणि काहीच न करता ८ टक्के आढळले. तळपायाच्या चामखिळींत मात्र हा फरक जवळजवळ पुसला गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील अभ्यासात तळपायाच्या चामखिळींवर दोन्ही उपचार सारखेच, म्हणजे बारा आठवड्यांत १४ टक्के, ठरले. जागा बदलली की औषधाचा न्याय बदलतो, हे या क्षेत्राचे मोठे आकर्षण आहे.

आपल्याकडे बिब्बा किंवा चुना-सोड्याचा लेप लावण्याची चाल जुनी आहे. क्षार वापरण्याची शास्त्रशुद्ध रीत सुश्रुतसंहितेत सविस्तर येते, त्यामुळे या परंपरेला हिणवण्याचे कारण नाही. पण क्षाराची तीव्रता आणि तो किती वेळ ठेवायचा याचे भान सुटले की काय होते, ते भाजलेली बोटे सांगतात. बिब्ब्याच्या तेलाने तर आजूबाजूची कातडीही फोडांनी भरते.

निदान चुकले तर उत्तम लेपही वाया जातो. तळपायाची चामखीळ आणि कुरूप यांत गल्लत सर्रास होते. वरचा थर खरवडून पाहावा: कातडीवरच्या रेषा मधेच तुटलेल्या आणि काळे ठिपके, म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या, दिसल्या तर ती चामखीळ. कुरूप सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर. मधुमेह्याच्या पायाला, चेहऱ्याला आणि जननेंद्रियांना हे आम्ल घरच्या घरी लावू देऊ नये.

मुलांच्या सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. एका भावाच्या जातात आणि दुसऱ्याच्या राहतात, कधी एकीवर औषध लावले की लांबच्याही नाहीशा होतात. नेमके कशाने, याचा उलगडा व्हायचा आहे आणि त्यासाठी नव्या अभ्यासकांची गरज आहे.