देवी (रोगनाम)

देवी : विषाणूमुळे होणाऱ्या, आता नष्ट झालेल्या साथरोगाचे मराठीतील रूढ नाव, आयुर्वेदात मसूरिका. अंगावर उठणारे फोड म्हणजे शीतलादेवीचा संचार, अशी समजूत होती. रोगाचे नाव घेण्याऐवजी देवीचेच नाव घेत आणि तेच रोगाला चिकटले. रोमन देवी जूनो मोनेटा हिच्या मंदिराजवळ टांकसाळ होती; त्यावरून इंग्रजीत ‘मनी’ शब्द आला, तसाच हा प्रवास. मराठीने मात्र व्याकरणही बदलले : देवता एकवचनी, रोग अनेकवचनी, म्हणून ‘देवी आल्या’. हिंदी मुलखाला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यात ‘माता’ हेही नाव कानी पडते.

विलक्षण गोष्ट अशी, की प्रतिबंधक उपायानेही हेच नाव घेतले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. पुढे लस देणे म्हणजे ‘देवी काढणे’ आणि गावोगाव फिरणारा लसटोचक ‘देवी डॉक्टर’ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये रोगाचे निर्मूलन जाहीर केले. जुन्या पिढीच्या दंडावरील खुणेला आजही देवीचा वण म्हणतात.